ॲझेलेइक ॲसिड : वांग, पुटकुळ्या आणि सात महिन्यांचा हिशेब

घाणेरी (धागाकर्ती)

आधीच सांगते, मी डॉक्टर नाही. वय ३६, राहायला वारजे, नोकरी हिंजवडीत, रोजचा प्रवास स्कूटरवर. सांगायचं कारण, पुढच्या गोष्टीत उन्हाचा भाग मोठा आहे.

धाकटीच्या वेळी पाचव्या महिन्यात दोन्ही गालांच्या हाडांवर आणि वरच्या ओठावर तपकिरी छाया आली. ओठावरची तर मिसरूड फुटल्यासारखी दिसायची. सासूबाई म्हणाल्या, "वांग आहे तो, बाळंतपण झालं की जाईल." बाळंतपण झालं, बारसं झालं, लेक शाळेत जायला लागली, वांग तिथेच. मधल्या काळात मसूरडाळ-दूध, बटाट्याचा रस, कोरफड असं सगळं झालं. व्हिटॅमिन सीचं सीरम आणलं, ते बाथरूममध्ये राहून चहाच्या रंगाचं झालं. ओळखीतल्या दोघींनी "आठ दिवसांत चेहरा उजळतो" म्हणून एक क्रीम सुचवलं होतं, ते मात्र नशिबाने घेतलं नाही.

शेवटी त्वचारोगतज्ज्ञ बाईंकडे गेले. त्यांनी अंधारात एका जांभळ्या दिव्याखाली चेहरा पाहिला आणि म्हणाल्या, थोडा रंग वरच्या थरात आहे, थोडा खोल. वरचा हलेल, खालचा हट्टी आहे, आणि पूर्ण जाईल असं मी म्हणणार नाही. इतकं सरळ बोलणारं कोणी मला तोवर भेटलं नव्हतं. चिठ्ठीवर दोनच गोष्टी होत्या : ॲझेलेइक ॲसिड २० टक्के क्रीम आणि रंगीत सनस्क्रीन.

पहिला आठवडा : लावल्यावर पाचेक मिनिटांत चुणचुण, मग खाज, मग गालावर मुंग्या चालल्यासारखं. वीस मिनिटांत सगळं शांत. घाबरून फोन केला, तर कळलं की चुकत होते मीच. तोंड धुतल्या धुतल्या ओलसर त्वचेवर लावत होते. कोरडं होऊ द्यायचं, दहा मिनिटं थांबायचं, हवं तर आधी साधं मॉइश्चरायझर लावायचं आणि पहिले पंधरा दिवस एक दिवसाआड. असं केल्यावर त्रास निम्म्याहून कमी झाला.

तिसरा आठवडा : नाकाच्या कडेला सालं. दोन दिवस सुट्टी घेतली, पुन्हा सुरू.

दुसरा महिना : काहीही फरक नाही. शून्य. इथे मी सोडणार होते. टिकले ते एकाच कारणाने. दर रविवारी सकाळी ९ वाजता बेडरूमच्या त्याच खिडकीत, त्याच भिंतीला पाठ लावून फोटो काढत होते. आरसा रोज बघितला की डोळा फसतो.

तिसरा महिना : वांग आहे तसाच, पण हनुवटीवर दर महिन्याला ठरलेल्या तारखेला येणाऱ्या पुटकुळ्या आल्याच नाहीत आणि त्यांचे जुने काळे डाग फिके झाले. हे मागितलंही नव्हतं!

चौथा महिना : ओठावरच्या छायेची कड पुसट.

मग मे महिना, दिवेआगर, तीन दिवस. सनस्क्रीन सकाळी एकदाच लावलं, टोपी बॅगेतच राहिली. परत आल्यावरचा फोटो पाहून रडू आलं. दोन महिन्यांची कमाई तीन दिवसांत समुद्राला वाहिली.

आज सातवा महिना संपला. गालांवरचा निम्मा कमी, ओठावरचा निम्म्याहून जास्त. १५ ग्रॅमची ट्यूब दोन्ही वेळा लावून पंधरवडा पुरते. सध्याचा क्रम : सकाळी तोंड धुणं, ॲझेलेइक, मॉइश्चरायझर, सनस्क्रीन. रात्री तोंड धुणं, ॲझेलेइक, मॉइश्चरायझर. एवढंच. कपाटातल्या बाकी बाटल्या बहिणीला दिल्या.

कोणी वापरलं असेल तर आपापले अनुभव लिहा. चांगले-वाईट दोन्ही.

---

पावशेर

वाचनखूण साठवली. बायकोला दाखवतो. ती म्हणेल तुम्हीच लावा.

---

मावशीबोली

घाणेरी, छान लिहिलंयस. पण मला एक कळत नाही, ॲसिड तोंडाला कशाला लावायचं गं? नावानेच अंगावर काटा येतो. आमच्या वेळी डाळीचं पीठ, हळद, साय. लिंबू पिळून चोळायचो. काही बिघडलं नाही.

---

हिशेबनीस

मावशी, तुमच्या लिंबातही ॲसिडच आहे आणि ते यापेक्षा जास्त आंबट आहे :) लिंबू चोळून उन्हात गेलं की काही जणांना चक्क भाजल्यासारखे चट्टे उठतात आणि नंतर महिनोनमहिने काळे डाग राहतात. लिंबाच्या सालीत असणारी काही द्रव्यं आणि ऊन यांची ती करामत. म्हणजे डाग घालवायला गेलं आणि डाग आला. डाळीच्या पिठाशी माझं वैर नाही.

मी रसायनशास्त्र शिकवतो, त्यामुळे थोडं लांबण लावतो. ॲझेलेइक ॲसिड म्हणजे नऊ कार्बनची साखळी आणि तिच्या दोन्ही टोकांना एकेक आम्लगट. गहू, राय, बार्ली यांत ते असतं. कारखान्यात मात्र तेलांतल्या ओलेइक ॲसिडपासून काढतात. पाण्यात फारसं विरघळत नाही, म्हणून ही क्रीमं बोटाला किंचित रवाळ लागतात. ट्यूब खराब निघाली म्हणून परत करू नका.

त्वचेसाठी ते कसं सापडलं, ही गोष्ट आपल्याला जवळची आहे. शिबं सगळ्यांनी पाहिली असतील. पाठीवर, मानेवर, छातीवर पांढुरके ठिपके, पावसाळ्यात जास्त. आपल्या सगळ्यांच्याच त्वचेवर राहणारी मॅलासेझिया नावाची बुरशी ती करते. १९७०च्या दशकात रोममध्ये मार्चेला नाझारो-पोरो आणि त्यांचे सहकारी हाच प्रश्न घेऊन बसले होते : शिबं आलेल्या जागी रंग फिका का पडतो? ही बुरशी त्वचेवरच्या स्निग्ध आम्लांपासून जी द्रव्यं बनवते त्यांत त्यांना ॲझेलेइक ॲसिड दिसलं. टायरोसिनेज नावाचं विकर आपल्या त्वचेत मेलॅनिन तयार करायला लागतं, त्याला हे अडवतं. मग त्यांनी ते मुद्दाम काळ्या डागांवर लावून पाहिलं. वांगावर वापरताना काही रुग्णांच्या पुटकुळ्याही कमी झाल्याचं लक्षात आलं. धागाकर्तीला न मागता मिळालं तेच त्यांनाही न मागता मिळालं होतं.

पुटकुळ्यांवर ते तीन बाजूंनी काम करतं : जिवाणूंची वाढ रोखतं, रोमछिद्राच्या तोंडाशी मृत पेशींचा बूच बसू देत नाही आणि सूज कमी करतं. अँटिबायोटिक मलमांना जिवाणू हळूहळू सरावतात, तशी अडचण याच्या बाबतीत सहसा दिसत नाही.

---

मावशीबोली

शिबं! आमच्या शाळेत बाई म्हणायच्या जंत झालेत, औषध घ्या. बरं, लिंबू बंद.

---

केळफूल

म्हणजे शेवटी हे गोरं व्हायचंच औषध ना? नाव शास्त्रीय, पण पोटात तेच. जुन्या जाहिराती आठवा, मुलगी काळी म्हणून नोकरी नाही, क्रीम लावलं की नोकरी. सात महिने, रोज दोनदा, कशासाठी?

---

घाणेरी

केळफूल, राग समजतो. मी स्वतः सावळी आहे आणि लग्नाच्या बाजारात "मुलगी स्मार्ट आहे" हे वाक्य किती वेळा ऐकलंय त्याला गणती नाही. पण माझा मूळ रंग सात महिन्यांत तसूभर बदललेला नाही. कपाळ जसं होतं तसंच आहे. ज्या पेशी जास्त रंग बनवायला लागल्यात त्यांच्यावरच याचा भर असतो, नेहमीच्या पेशींना ते फारसं विचारत नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं. अगदी क्वचित सावळ्या त्वचेवर जागा जास्त फिकी झाल्याच्या नोंदी आहेत म्हणून "लक्ष ठेव, तसं दिसलं तर थांब" असंही त्या म्हणाल्या होत्या.

मला गोरं व्हायचं नाहीये. मीटिंगमध्ये लोक माझ्या ओठाकडे बघून बोलतात, ते माझ्या डोळ्यांकडे बघून बोलावेत, एवढंच.

---

केळफूल

हे पटलं. तरी लोकांनी बघायला शिकावं, तू लावायला नव्हे, हे माझं मत कायम.

---

घाणेरी

तेही मान्य.

---

दुकानदार_कोल्हापूर

पंचवीस वर्षं मेडिकलचं दुकान आहे, म्हणून बोलतोय. धाग्यात "आठ दिवसांत उजळतो" वाल्या क्रीमचा उल्लेख आला, त्यावर लिहायलाच पाहिजे.

बघा, काउंटरवर येणाऱ्या दहा बायकांतल्या निदान दोघी-तिघी हातात जुन्या ट्यूबचं रिकामं खोकं घेऊन येतात, "हेच द्या". त्यात काय असतं? हायड्रोक्विनोन (रंग फिका करणारं), ट्रेटिनॉइन (व्हिटॅमिन ए कुळातलं) आणि एक स्टिरॉइड. हे मिश्रण वाईट नाही, वांगासाठी डॉक्टर ते मोजक्या आठवड्यांसाठी देतातही. घोळ होतो तो पुढे. पंधरा दिवसांत चेहरा लख्ख होतो, मग चिठ्ठी बाजूला आणि ट्यूब वर्षानुवर्षं. रोजच्या क्रीमसारखी. जाऊबाईला, शेजारणीला, मुलीला. मग कातडी पातळ होते, बारीक रक्तवाहिन्या दिसायला लागतात, केस येतात, पुरळ उठतं. बंद केलं की तोंड लालबुंद होऊन आग, म्हणून पुन्हा तेच लावायचं. २०१८ मध्ये सरकारने अशी बरीच स्टिरॉइड मलमं चिठ्ठीशिवाय विकू नयेत असं केलं. मी चिठ्ठी मागतो तर लोक पलीकडच्या दुकानात जातात, काय सांगायचं.

ॲझेलेइक ॲसिडमध्ये स्टिरॉइड नाही, हा त्याचा मोठा गुण. आठ दिवसांत काही दिसत नाही, हा त्याचा दोष म्हणा की गुण म्हणा. आमच्याकडे १०, १५ आणि २० टक्के येतं. ट्यूबवर फक्त तेच एक नाव आहे ना, हे खोक्याच्या मागे वाचून घ्या. बारीक अक्षरात असतं, मोबाइलने फोटो काढून मोठं करून बघा.

---

सांजवेळ

दुकानदार काका, तुम्ही लिहिलंय ती बाई मीच. दोन वर्षं लावत होते. पार्लरमध्ये मिळालं होतं, खोकं नव्हतं, पांढरी डबी. सोडल्यावर तीन आठवडे घराबाहेर पडले नाही. डॉक्टरांनी हळूहळू सोडवलं. त्या काळात ॲझेलेइक वगैरे काही लावायचं नाही, फक्त मॉइश्चरायझर आणि सनस्क्रीन, आधी कातडी सावरू दे, असं सांगितलं होतं. सहा महिन्यांनी १० टक्क्यांपासून सुरू केलं. ज्यांची अशी आग चालू आहे त्यांनी घाई करू नका, चुणचुण नाही तर होळी होईल.

आता प्रश्न. मला तिसरा महिना लागलाय (इथे पहिल्यांदा सांगतेय!). ॲझेलेइक चालू ठेवू का?

---

घाणेरी

अगं, अभिनंदन!!

---

रुईफूल (मुंबई, त्वचारोग विभागात काम करते)

अभिनंदन. तुमच्या स्त्रीरोगतज्ज्ञांना विचाराच, पण सर्वसाधारणपणे गरोदरपणात जी मोजकी औषधं चालतात असं मानलं जातं त्यांत हे आहे. लावलेल्यापैकी सुमारे ४ टक्केच शरीरात शोषलं जातं आणि गव्हा-बार्लीतून ते थोडंफार आपल्या पोटात जातच असतं. ट्रेटिनॉइन, त्याच्याच जातीचं ॲडापलीन आणि हायड्रोक्विनोन मात्र या काळात बाजूला ठेवतात. छातीवर लावत असाल तर पुढे बाळ अंगावर पीत असताना तिथे लावू नका.

घाणेरींनी लिहिलंय त्यात दोन-तीन गोष्टींची भर.

एक, वांगासाठी सनस्क्रीन रंगीतच का? वांगाला अतिनील किरणांबरोबर दिसणारा प्रकाशही चिडवतो. पांढरं सनस्क्रीन तो फारसा अडवत नाही, रंगीतमधलं आयर्न ऑक्साइड अडवतं. चेहरा आणि मानेसाठी दोन बोटांवर लांब रेघ येईल इतकं घ्यायचं. बहुतेक जण याच्या चौथाईत भागवतात आणि मग "एसपीएफ ५० लावूनही फरक नाही" म्हणतात.

दोन, उष्णता. आमच्याकडे भाकरी थापणाऱ्या, खानावळ चालवणाऱ्या बायका येतात, उन्हात जातच नाहीत, तरी वांग हलत नाही. दिवसाचे सहा तास चुलीसमोर असतात. त्यांना मी काय सांगू? पंख्याची दिशा बदला, एवढंच सांगते.

तीन, अपेक्षा. १९९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका तुलनेत २० टक्के ॲझेलेइक आणि ४ टक्के हायड्रोक्विनोन २४ आठवडे लावून पाहिलं होतं, फरक फारसा नव्हता. पण २४ आठवडे म्हणजे साडेपाच महिने. दुसऱ्या महिन्यात सोडणाऱ्यांचा हिशेब कुठेच लागत नाही.

---

रतनगड

पुरुषांनी लिहिलं तर चालेल ना? वय २७. दाढी केली की मानेवर केस आत वळतात, फोड येतात आणि मग काळे ठिपके राहतात. गुळगुळीत दाढी कंपनीला हवी, मानेला नको. १५ टक्के जेल दोन महिने रात्री लावतोय. फोड कमी झाले, ठिपके हळू जातायत. दाढी केल्या केल्या लावलं तर मात्र तारे दिसतात. त्या रात्री लावायचंच नाही, हे अनुभवाने शिकलो.

आणि एक : पुटकुळ्यांसाठीचा बेंझॉइल पेरॉक्साइडचा फेसवॉश पण वापरतो. त्याने आईचे दोन नवे टॉवेल आणि उशीचा अभ्रा पांढराफटक झाला. ॲझेलेइकने कपडे खराब होत नाहीत. घरातल्या शांततेसाठी हा मुद्दा महत्त्वाचा आहे.

---

पावशेर

रतनगड, टॉवेलवाला मुद्दा धाग्यातला सर्वोत्तम.

---

अबोली_पेडणे

मी गोव्याची. आमच्याकडे दमट हवेत क्रीम, त्यावर मॉइश्चरायझर, त्यावर सनस्क्रीन, म्हणजे अकरा वाजेपर्यंत चेहऱ्याचा बोंडा तळून निघतो. परदेशी कंपनीचं १० टक्क्यांचं एक घेतलं होतं, ते सिलिकॉनसारखं गुळगुळीत. सनस्क्रीन लावलं की खोडरबराच्या कचऱ्यासारख्या गुठळ्या निघायच्या. काय करावं?

---

घाणेरी

तेलकट त्वचा असेल तर जेल घे, क्रीम नको. सकाळी वेगळं मॉइश्चरायझर लावलंच पाहिजे असं नाही, सनस्क्रीन पुरे. आणि चोळू नको, थापट. एक थर वाळू दे, तोवर डबा भर. गुठळ्या तरीही आल्या तर ॲझेलेइक फक्त रात्री लाव. उशिराने का होईना, फरक पडतो.

---

उंबरठा_सॅन_होजे

इकडचा अनुभव थोडा वेगळा. मला वांग नाही, रोझेशिया आहे. नाव कळायलाच चार वर्षं गेली, कारण आपल्या गव्हाळ रंगात लाली दिसत नाही. डॉक्टर गोऱ्या चेहऱ्यांवरची लाली बघून शिकलेले. मला फक्त जाणवायचं : चहा घेतला, मिसळ खाल्ली, गरम पाण्याने अंघोळ केली की गाल आतून तापायचे आणि बारीक पुरळ. सगळे पुटकुळ्या समजून स्क्रब सुचवायचे. स्क्रबने आणखी वाट लागली.

इथे १५ टक्के जेल रोझेशियासाठी २००२ पासून चिठ्ठीवर मिळतं. २० टक्क्यांचं क्रीम त्याआधी, १९९५ मध्ये, पुटकुळ्यांसाठी मंजूर झालं होतं. चिठ्ठीशिवाय १० टक्क्यांची प्रसाधनं मिळतात. मला तीन महिन्यांत पुरळ जवळजवळ गेलं, तापणं मात्र थोडंच कमी झालं. मिसळ सोडलेली नाही. चहा कोमट पिते, ही शिक्षा पुरेशी आहे.

---

हिशेबनीस

कोमट चहा ही अमेरिकेने केलेली सर्वात मोठी हानी.

---

निमताळा

मी ॲझेलेइक + व्हिटॅमिन सी + नायसिनमाइड + ग्लायकोलिक + रेटिनॉल एकाच वेळी सुरू केलं. गाल सोलून निघालेत. कशामुळे झालं असेल?

---

रुईफूल

पाचांमुळे. सगळं बंद करा. सौम्य फेसवॉश, साधं मॉइश्चरायझर, सनस्क्रीन. दोन-तीन आठवड्यांनी त्वचा शांत झाली की एकच गोष्ट परत आणा. ॲझेलेइक आणायचं असेल तर एक दिवसाआड रात्री. नायसिनमाइडशी त्याचं जमतं. रेटिनॉल हवंच असेल तर एक सकाळी, एक रात्री, तेही महिन्याभरानंतर. सोलणं वाढलं, पाणी सुटलं किंवा सूज आली तर दाखवून या. कोणाला दमा असेल आणि लावल्यावर वाढल्यासारखा वाटला तर थांबवून डॉक्टरांना सांगा. क्वचित होतं, पण नोंदी आहेत.

---

मावशीबोली

भाचीला धागा पाठवला होता. ती म्हणाली, मावशी, मी दोन वर्षं हेच लावतेय. घरात कोणी काही सांगत नाही.

---

सांजवेळ

काल डॉक्टरांना विचारलं, चालू ठेवा म्हणाल्या. ओठावर पुन्हा छाया यायला लागलीये. या वेळी आईला आधीच सांगून ठेवलंय, पार्लरवाल्या ताईंना घरी बोलवायचं नाही.

---

रतनगड

धागा वर काढतो. चार महिने झाले, मान साफ. आता केस कापणाऱ्या मशीनने दाढी करतो, पूर्ण गुळगुळीत नाही. खरं श्रेय कोणाचं, जेलचं की मशीनचं, माहीत नाही. दोन्ही चालू ठेवलंय.

घाणेरी, तुमचा हिशेब कुठवर आला?

---

घाणेरी

अकरावा महिना. दिवेआगरनंतर टोपी डोक्यावरच असते, त्यामुळे पुन्हा मागे गेले नाही. डॉक्टरांनी आता दिवसातून एकदाच लावायला सांगितलंय. अजून किती कमी झालं ते मात्र सांगता येत नाही. समोरच्या इमारतीवाल्यांनी गॅलरीला निळा पत्रा ठोकला आणि माझ्या खिडकीतला सगळा उजेड निळा झाला. त्यात मी, भिंत, पडदा, सगळंच वांग आल्यासारखं दिसतं. गेल्या रविवारपासून गच्चीवर पाण्याच्या टाकीशेजारी उभी राहते. पहिला फोटो आला आहे, सावलीत काढलाय.